महाडचा निर्णय आणि नीतीची मापे

१

नीतिशास्त्राच्या पुस्तकांत एक ट्राम असते. तिचा ताबा सुटलेला असतो. समोरच्या रुळावर पाच माणसे, बाजूच्या रुळावर एक. चालकाने ती बाजूच्या रुळावर वळवावी काय? १९६७ साली फिलिपा फूट या इंग्रज विदुषीने हा दाखला मांडला आणि तेव्हापासून जगभरच्या वर्गांत तो घोळवला जातो आहे. मीही तो शिकवला आहे. पण तो शिकवताना मला नेहमी एक गोष्ट खटकत आली. ही सहा माणसे रुळावर आली कशी, त्यांना तेथे कोणी उभे केले, आणि चालकाच्या जागेवर बसण्याचा मान कोणाला मिळाला, हे सहसा कोणी विचारत नाही. रुळावरच्या माणसांचे मत तर कोणी घेतच नाही. ज्या समाजाला हजारो वर्षे रुळावरच उभे केले गेले, त्या समाजातल्या विद्यार्थ्याला हा दाखला परका वाटला तर त्यात नवल नाही.

आपल्याला असे कल्पित दाखले शोधण्याची गरज नाही. आपल्या चळवळीच्या इतिहासात खरे पेच आहेत. ते खऱ्या माणसांपुढे उभे राहिले, ठरावीक तारखांना उभे राहिले, आणि त्यांचा निकाल करण्यासाठी कधी एका रात्रीपेक्षा जास्त वेळ मिळाला नाही. त्यांतला एक पेच मी येथे तपासणार आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या हजारो अस्पृश्यांनी कोर्टाचा मनाई हुकूम मोडून चवदार तळ्याचे पाणी घ्यावे की थांबावे, हा तो पेच. बाबासाहेबांनी थांबण्याचा सल्ला दिला. तो बरोबर होता काय? ‘बाबासाहेबांनी दिला म्हणून बरोबर’ हे उत्तर भक्ताचे झाले, आणि भक्तीविषयी बाबासाहेबांचे मत काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. म्हणून नीतीची जी मापे आपल्याला उपलब्ध आहेत, ती एकेक लावून पाहिली पाहिजेत.

२

आधी घटनाक्रम ध्यानात घेऊ. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा सांभाळलेली तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत असा तो ठराव होता. ५ जानेवारी १९२४ रोजी महाडच्या नगरपालिकेने आपले चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. पण प्रत्यक्षात मुसलमान तेथे पाणी भरू शकत होता, ख्रिस्ती भरू शकत होता, गुरेढोरे पाणी पिऊ शकत होती. फक्त अस्पृश्य भरू शकत नव्हता. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. २० तारखेला बाबासाहेबांच्या मागोमाग लोक तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर, आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवून सनातन्यांनी मंडपात जेवणाऱ्या आणि गावाकडे परतणाऱ्या माणसांवर लाठ्या चालवल्या. पुष्कळांना मुसलमानांच्या घरांचा आसरा घ्यावा लागला. मग शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या एकशेआठ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले.

४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला आधीचा ठराव रद्द केला. म्हणजे पहिल्या वेळी रूढी आडवी होती आणि कायदा आपल्या बाजूला होता. आता कायद्यालाही आडवे घालण्याची तयारी सुरू झाली. बाबासाहेबांनी डिसेंबरात सत्याग्रह जाहीर केला. तेव्हा काही सवर्णांनी १२ डिसेंबरला दिवाणी दावा लावला आणि १४ डिसेंबरला कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. परिषदेला जागा मिळेना; अखेर फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. २५ डिसेंबरला परिषद सुरू झाली. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. सत्याग्रहासाठी ३८८४ लोकांनी नावे नोंदवली. २६ तारखेला सभेचा कल उघड होता: आता माघार नाही. कलेक्टर हूड यांनी सभेत येऊन कोर्टाचा निकाल लागेपर्यंत थांबण्याची विनंती केली. २७ तारखेला बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव मांडला, त्याची कारणे लोकांना समजावून सांगितली, आणि परिषदेने तो मान्य केला. लोकांची मिरवणूक शहरातून फिरून मंडपात परत आली. त्या दिवशी कोणी पाण्याला हात लावला नाही.

३

पहिले माप परिणामांचे. कोणती कृती योग्य? जिच्यामुळे जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख साधते ती. बेंथम आणि मिल यांचा हा उपयुक्ततावाद. ऐकायला तो समतेचा वाटतो, कारण प्रत्येक माणूस एक म्हणून मोजायचा, कोणीही एकाहून अधिक नाही, अशी त्याची अट आहे. पण जातींनी चिरलेल्या समाजात हे माप हातात घेतले की गोंधळ सुरू होतो. महाडच्या सवर्णांची संख्या मोठी; त्यांच्या भावना दुखावतात; गावची शांतता बिघडते; उलट अस्पृश्य इतकी वर्षे दुसरीकडचे पाणी पीत आलेच आहेत, आणखी काही दिवस पितील. असा हिशेब मांडून रूढीच्या बाजूने निकाल देणारे विद्वान त्या काळीही होते, आजही आहेत. या हिशेबात एक लबाडी आहे. दुसऱ्याला पाण्यापासून दूर ठेवण्यात जे समाधान मिळते ते ‘सुख’ म्हणून जमेच्या बाजूला धरायचे काय? चोराला चोरीतून मिळणारे सुख आपण समाजाच्या हितात मोजत नाही. मग विटाळाच्या कल्पनेतून मिळणारे का मोजावे?

बाबासाहेबांना ही लबाडी ठाऊक होती. त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेला आणि १९८७ साली महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात छापून आलेला ‘हिंदू धर्माचे तत्त्वज्ञान’ हा त्यांचा प्रबंध या दृष्टीने फार मोलाचा आहे. त्यात त्यांनी हिंदू धर्माला दोन कसोट्या लावल्या: न्यायाची आणि उपयुक्ततेची. एकट्या उपयुक्ततेवर ते विसंबले नाहीत. एकाच अपराधाला वर्णागणिक वेगळी शिक्षा सांगणाऱ्या स्मृतीत माणूस ‘एक’ म्हणून मोजलाच जात नाही. तेव्हा बेरीज करण्याआधी न्याय हवा.

तरीही परिणामांचा विचार टाकून देता येत नाही. २७ डिसेंबरला सत्याग्रह झाला असता तर काय झाले असते? ३८८४ माणसे बहुतेक खेड्यांतून आलेली. प्रत्येक गावात त्यांची वस्ती मूठभर, गावकुसाबाहेर. पोटाचा आधार बलुत्याचा, नाहीतर सवर्णाच्या शेतावरल्या मजुरीचा. मार्चमध्ये ओंजळभर पाण्याची किंमत लोकांनी डोकी फोडून घेऊन मोजली होती. डिसेंबरात लाठीच्या जोडीला सरकारचा तुरुंगही आला असता, कारण हुकूम मोडणारा आता कोर्टाचा गुन्हेगार ठरला असता. बाबासाहेबांच्या सांगण्याचा रोख हाच होता: सनातनी आणि सरकार या दोन्ही आघाड्यांवर एकदम लढण्याची आज वेळ नाही. लोकांच्या धैर्याविषयी त्यांनी शंका घेतली नाही. ज्यांनी नावे नोंदवली त्यांची मरण्याची तयारी होती हे ते जाणून होते. पण मरायची तयारी असलेल्या माणसांचा हिशेब पुढाऱ्याने जास्तच काळजीने करावा लागतो.

येथून मी एक गोष्ट उचलतो. परिणामांचे माप लावताना ‘किती सुख, किती दुःख’ एवढे विचारून भागत नाही; ‘दुःख कोणाच्या वाट्याला’ हे आधी विचारावे लागते. शहरात राहणाऱ्या, नोकरी असलेल्या माणसाने खेड्यातल्या मजुराच्या पाठीवर आपला बाणेदारपणा सिद्ध करू नये.

४

दुसरे माप कर्तव्याचे. जर्मन तत्त्वज्ञ कांट याचे म्हणणे असे, की परिणाम काहीही होवोत, माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. तो स्वतःच साध्य आहे. अस्पृश्यतेच्या विरुद्ध यापेक्षा नेमका युक्तिवाद सापडणे कठीण. ज्याने मेलेली गुरे ओढावीत, गाव झाडावे आणि पाण्यापासून मात्र दूर राहावे, तो माणूस गावाच्या लेखी निव्वळ साधन. कांट आणखी पुढे जातो. दुसऱ्याच्या पायाशी लोळण घेणे हा माणसाने स्वतःविषयीच्या कर्तव्याचा केलेला भंग आहे असे तो मानतो. या मापाने पाहिले तर तळ्यावर जाणे हा नुसता हक्क राहत नाही, ते कर्तव्य ठरते. मग तहकुबी म्हणजे कर्तव्यच्युती झाली काय?

पण हाच कांट राज्यसत्तेविरुद्ध बंड करण्याचा हक्क साफ नाकारतो. कायद्याचे राज्य मोडले तर कोणाचाच हक्क सुरक्षित राहत नाही असे त्याचे म्हणणे. म्हणजे एकाच तत्त्वज्ञाच्या हाताने एक कर्तव्य तळ्याकडे ढकलते आणि दुसरे कोर्टाकडे ओढते. दोन कर्तव्यांची टक्कर झाली तर कोणते मोठे, हे कर्तव्यवाद नीट सांगू शकत नाही.

आपल्याकडच्या परंपरेतही हीच अडचण आहे. सत्याग्रह नीतीला धरून आहे काय, हा प्रश्न बाबासाहेबांनी १९२७ मध्येच ‘बहिष्कृत भारता’त चर्चेला घेतला होता. तेथे त्यांनी मुद्दाम गीतेचा आधार घेतला, कारण समोरच्याला तोच आधार मान्य होता. ज्या कार्याने लोकसंग्रह होतो, समाज एकत्र बांधला जातो, ते सत्कार्य. आणि सत्कार्यासाठीचा आग्रह तो सत्याग्रह, असा त्यांचा रोख होता. साधनाची शुद्धता त्यांनी नाकारली नाही, पण कार्याची शुद्धता आधी तपासा असे बजावले. अस्पृश्यांचा आग्रह समाज जोडणारा, सनातन्यांचा आग्रह समाज तोडणारा. उपास, लाठी, कोर्ट ही साधने दोघांनाही वापरता येतात. म्हणून साधनावरून नीती ठरवता येत नाही.

५

तिसरे माप बाबासाहेबांचे स्वतःचे, आणि माझ्या मते महाडचा पेच त्यानेच सुटतो. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त त्यांनी नियम आणि तत्त्व यांत भेद केला. नियम काय करावे ते सांगतो. तत्त्व कृतीची पारख कशी करावी ते शिकवते. नियम पाळणारा यंत्रासारखा वागू शकतो, तत्त्व मानणाऱ्याला मात्र विचार करावा लागतो आणि आपल्या कृतीची जबाबदारी घ्यावी लागते. या भेदाचे मूळ त्यांचे कोलंबियातले गुरू जॉन ड्यूई यांच्या नीतिविचारात आहे. पुढे ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथातही तो येतो: बुद्धाची अहिंसा हे तत्त्व आहे, तो नियम नव्हे.

आता महाड पुन्हा पाहा. ‘कोर्टाचा हुकूम पाळावा’ हा नियम आहे. ‘अन्यायी हुकूम मोडावा’ हाही नियमच. दोहोंपैकी एक आंधळेपणाने पकडला की विचार थांबतो. तत्त्व एकच आहे: अस्पृश्य हा इतरांइतकाच माणूस, आणि सार्वजनिक पाण्यावर त्याचा इतरांइतकाच अधिकार. ही परिषद तळ्यापेक्षा मोठ्या गोष्टीसाठी आहे, समतेची स्थापना करण्यासाठी आहे, असे बाबासाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते आणि १७८९ च्या फ्रान्सच्या राष्ट्रसभेची आठवण करून दिली होती. मनाई हुकूम तात्पुरता होता. तो पाळल्याने तत्त्व सोडले जात होते काय? नाही. कारण त्याच मंडपात, दोनच दिवस आधी, माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला होता आणि मनुस्मृती जळली होती. जे पाण्यापाशी थांबले त्यांनी ग्रंथाच्या बाबतीत तसूभर तडजोड केली नव्हती.

या दहनाविषयीही नैतिक प्रश्न उठवला जातो. ग्रंथ जाळणे हा युक्तिवाद आहे काय? जे आज पुस्तकांवर बंदी घालतात, ग्रंथालये फोडतात, त्यांच्यात आणि महाडकरांत फरक काय? प्रश्न टाळण्यासारखा नाही. फरक माझ्या मते स्पष्ट आहे. महाडला कोणाच्या घरातून पोथी हिसकावून आणली नव्हती. कोणाला ती वाचायची बंदी केली नव्हती. दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते आणि तो रीतसर चर्चेने संमत झाला. ज्या ग्रंथाने आपल्याला माणूस मानले नाही त्याचा अधिकार आम्ही मानत नाही, एवढे ते सांगणे होते. परदेशी कापडाची होळी ज्यांना नीतिमान वाटली त्यांनी ही होळी अनीतिमान ठरवताना आपले माप बदलू नये. सत्ता हाती असलेल्याने इतरांचे वाचन बंद करणे वेगळे आणि सत्ताहीनाने आपला नकार चारचौघांत जाहीर करणे वेगळे. बाबासाहेबांनी तर पुढे आयुष्यभर मनुस्मृती वाचली आणि ओळीओळीने तिचा समाचार घेतला.

याच तत्त्वनिष्ठेचा आणखी एक पुरावा. केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी महाडच्या लढ्याला पाठिंबा देऊ केला, पण अट घातली की त्यात ब्राह्मण नकोत. संख्याबळाच्या हिशेबाने ती अट मानणे फायद्याचे होते. बाबासाहेबांनी ती नाकारली. आमचा विरोध ब्राह्मण्याला आहे, ब्राह्मण म्हणून जन्मलेल्या माणसाला नाही, ही त्यांची भूमिका. माणसाला जन्मावरून तोलण्याविरुद्ध लढायचे आणि लढताना स्वतः जन्मावरूनच तोलायचे, हे तत्त्वात बसत नव्हते.

६

थांबण्याची किंमत मात्र लहान नव्हती, आणि ती लपवणे इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल. फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई हुकूम उठला. दाव्याचा निकाल ८ जून १९३१ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने लागला. ठाण्याच्या कोर्टातले अपील ३० जानेवारी १९३३ रोजी फेटाळले गेले. मुंबई हायकोर्टाचा निकाल आला १७ मार्च १९३७ रोजी. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड त्या पीठावर होते; १९२२ साली अहमदाबादेस गांधींना सहा वर्षांची शिक्षा देणारे हेच. डिसेंबर १९२७ पासून मोजली तर नऊ वर्षांहून अधिक. तेवढ्यात एक पोर शाळेत जाऊन बाहेरही पडते.

शिवाय तो निकाल नीट वाचला पाहिजे. तळे अनादि काळापासून केवळ सवर्णांसाठी राखलेले होते ही रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, म्हणून ते हरले. ती रूढी सिद्ध झाली असती तर ती न्याय्य मानायची की नाही, हा प्रश्न कोर्टाला सोडवावाच लागला नाही. म्हणजे आपण पुराव्यावर जिंकलो; माणुसकीच्या प्रश्नाचा निकाल कोर्टाने दिलाच नाही. तो निकाल २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेने दिला. तिच्या पंधराव्या कलमात विहिरी, तळी, घाट यांचा स्पष्ट उल्लेख आहे आणि सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. पंधराव्या कलमातली तळी वाचताना मला चवदार तळे आठवल्याशिवाय राहत नाही.

आणि थांबणे हा बाबासाहेबांनी कायमचा नियमही केला नाही. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षे चालला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी सांगितले की आता घटनात्मक मार्ग उपलब्ध आहेत, तेव्हा सत्याग्रह, कायदेभंग हे मार्ग सोडले पाहिजेत. हे मार्ग खुले नव्हते तेव्हा त्यांचे समर्थन होऊ शकत होते. १९२७, १९३० आणि १९४९ ही तीन उत्तरे शेजारी ठेवली तर नियम शोधणाऱ्याला विसंगती दिसेल. तत्त्व शोधणाऱ्याला दिसेल की माप एकच आहे, परिस्थिती बदलली आहे.

७

या मापाचा आज उपयोग काय? आपल्या पिढीने ‘थांबा’ हा शब्द पुष्कळ ऐकला आहे. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या, पोचिराम कांबळे यांच्यासारख्यांना जिवे मारले गेले, आणि सरकारने शांततेचे कारण पुढे करून अंमलबजावणी लांबवली. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हा नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. म्हणजे साडेपंधरा वर्षे.

महाडलाही थांबलो, येथेही थांबवले गेलो. पुष्कळ लोक पहिल्याचा दाखला देऊन दुसऱ्याचे समर्थन करताना मी ऐकले आहेत. ‘तुमच्या बाबासाहेबांनीच संयम शिकवला ना?’ या वाक्याला उत्तर देता आले पाहिजे, आणि ते महाडमध्येच आहे. महाडला थांबण्याचा ठराव ज्यांना किंमत मोजायची होती त्यांच्याच सभेत, त्यांना कारणे सांगून, त्यांच्या संमतीने झाला. थांबताना तत्त्व गुंडाळून ठेवले नाही. ते जाहीरनाम्यात लिहिले आणि मनुस्मृतीच्या ज्वाळांत दाखवले. आणि थांबलेला काळ रिकामा गेला नाही. कोर्टात एकेक पुरावा उभा करून दावा लढवला गेला. नामांतराच्या वेळी यांतले काय होते? थांबण्याचा निर्णय जळालेल्या घरांतल्या लोकांनी केलेला नव्हता. तो वरून लादला होता, जाळणाऱ्यांचे समाधान व्हावे म्हणून. विधिमंडळाने एकमुखाने मानलेले तत्त्व दंगलीच्या भीतीने बाजूला ठेवले गेले. सरकारने मिळालेला काळ तत्त्वाच्या कामी लावला नाही. तो काळ कामी लावला तो चळवळीनेच, १९७९ च्या लाँग मार्चपासून पुढे. म्हणून पहिले थांबणे नीतीला धरून होते आणि दुसरे नव्हते, असे मी म्हणतो. वर्षांची संख्या हा मुद्दा गौण आहे.

कार्यकर्त्यापुढे रोज असे पेच येतात. जमावबंदी असताना मोर्चा काढायचा की तारीख पुढे ढकलायची? अत्याचाराच्या प्रकरणात साक्षीदारावर गावाचा दबाव आला तर त्याला उभे राहा म्हणायचे की त्याच्या लेकरांचा विचार करायचा? बहिष्कार पडलेल्या वस्तीने समझोता करावा काय? यांची तयार उत्तरे कोणत्याही ग्रंथात नाहीत, बाबासाहेबांच्याही नाहीत. पण विचारायचे प्रश्न महाडने दिले आहेत. सोसणार कोण, आणि त्याला विचारले आहे काय? माघार घेताना आपण नेमके काय राखतो आहोत आणि काय सोडतो आहोत? मिळालेल्या मुदतीत काय करणार आहोत? हे तीन प्रश्न वस्तीत बसून, सोसणाऱ्या माणसांच्या समोर मोठ्याने विचारावेत, आणि त्यांचे उत्तर ऐकल्यावरच ठराव लिहायला घ्यावा.